लालीबाईचा आदिबंध

लहानपणी उर्वशीला कुणी विचारलं, "तुहा बाप कोन गं?" तर ती बेधडक सांगायची, "साग." आईनंच तिला तसं सांगितलं होतं. झरी जामणीकडच्या रानात त्यांचा कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे इनमीन पंधरा-वीस घरांची वस्ती. तिथे या उत्तराला कुणी हसायचं नाही, कारण खरं काय ते तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. हसले ते आश्रमशाळेतले. हजेरीपटावर नाव चढवताना गुरुजींनी बापाचं नाव विचारलं, पोरगी म्हणाली "साग", आणि अख्खा वर्ग खिदळला. गुरुजी बिचारे भले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, बापाच्या जागी आईचं नाव लावलं. उर्वशी लालीबाई आत्राम. हे नाव तिला पुढे एम.ए.च्या पदवीपर्यंत पुरलं.

खरं काय ते लालीबाईनं लेकीला एकदाच सांगितलं. बारावी होऊन उर्वशी यवतमाळला शिकायला निघाली, त्याच्या आदल्या दिवशी दोघी नाल्यावर कपडे धूत होत्या. लालीबाई कपडा आपटता आपटता थांबली आणि पाण्याकडे बघत बोलायला लागली. पोडाजवळ सागाच्या तोडीचा कॅम्प पडला होता. ठेकेदाराचा एक माणूस तिथे खोपटं टाकून राहायचा. पाडलेल्या ओंडक्यांवर लोखंडी हातोड्यानं ठोकून निशाणी उठवायची, हे त्याचं काम. लाली तेव्हा तोडीवर सालपटं काढायला जायची. त्यानं लग्न करतो म्हणून सांगितलं. दोन हिवाळे सांगत राहिला. मग माल संपला, ट्रक गेले, त्यातल्याच एकात बसून तोही गेला.

"त्याचं नाव काय होतं, माय?"

"ते नाई सांगत," लालीबाई म्हणाली. "तुले शहरात कोनी काई बोललं तं तुले ठाव असावं, म्हनून एवढं सांगतलं. तुले एकलीले. आता पीळ घाल त्या लुगड्याले."

कॉलेजात उर्वशी पहिलं वर्षभर शेवटच्या बाकावर बसली. तिची भाषा ऐकून पोरी तोंडावर ओढणी धरायच्या. तिला त्या बाकावरून उठवलं ते मुनेश्वर सरांनी. डॉ. अतुल मुनेश्वर, मराठीचे प्राध्यापक, मूळचे दारव्ह्याकडचे. उंच, किडकिडीत माणूस. शिकवायला लागला की घामानं शर्ट पाठीला चिकटायचा तरी पंख्याखाली यायचं भान नसायचं. त्यांचा एकच ध्यास होता, आदिबंध. माणसाच्या मनाच्या तळाशी काही आकृत्या हजारो वर्षांपासून पडून आहेत, ते म्हणायचे. आई, म्हातारा, वाट दाखवणारा प्राणी, पाताळात उतरणारा वीर, आपलीच काळी सावली. त्या कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत, साऱ्या मनुष्यजातीच्या आहेत. गोष्टी, कविता, स्वप्नं त्यांच्यातूनच उगवतात. वाचकानं वरची माती बाजूला करून ते मूळ शोधायचं असतं.

एकदा त्यांनी वर्गाला विचारलं, "तुमच्या आजीनं सांगितलेली सगळ्यात जुनी गोष्ट कोणती?" उर्वशीनं भीत भीत कोलामांची एक गोष्ट सांगितली. सगळी पृथ्वी पाण्याखाली जाते आणि एक खेकडा तळातून माती वर आणतो. सर खडू हातात धरून उभेच राहिले. मग त्यांनी फळ्यावर जगाचा नकाशा काढला आणि अशीच गोष्ट सांगणारे लोक कुठे कुठे आहेत ते ठिपके देऊन दाखवलं. कुठल्या कुठे समुद्रापार. शेवटी पोडाच्या जागी एक ठिपका दिला आणि म्हणाले, "आणि ही आपली उर्वशी." त्या दिवसानंतर वर्गात तिला कुणी हसलं नाही. तिच्या आजीची गोष्ट नकाशावर गेली होती. उर्वशी ते उपकार कधी विसरली नाही, आणि पुढचं सगळं तिला इतकं कडू लागलं तेही त्यामुळेच.

एम.ए. झाल्यावर ती यवतमाळातल्याच एका खाजगी शाळेत शिकवू लागली. सरांच्या आग्रहानं लिहायचीही. एका दिवाळी अंकात तिची कथा आली, 'सागाची लेक'. एक लहान मुलगी सागालाच बाप समजते. त्याला मिठी मारते, रुसते, शाळेत हसले की त्याला जाऊन सांगते. आईच्या बोलण्यात अधूनमधून लोखंडी हातोड्याचा आवाज येतो, एवढंच. शेवटी मुलीला एका जुन्या पडलेल्या ओंडक्यावर हातोड्याची निशाणी दिसते. ती आपल्या कपाळावरून हात फिरवते आणि घरी येऊन बापाविषयी पुन्हा कधी विचारत नाही. कथा तिथे संपते. उर्वशीला वाटलं होतं, निशाणी दिसली की वाचणाऱ्याला सगळं समजेल. नाव न घेता तिनं सगळं सांगितलं होतं.

लालीबाईला वाचता येत नव्हतं. अंक हातात घेऊन तिनं चित्रं पाहिली आणि विचारलं, "कायची गोष्ट लिवली?"

"रानाची," उर्वशी म्हणाली.

लालीबाई खुश झाली. तिनं तो अंक देवाजवळ ठेवला.

मग एके दिवशी सरांचा फोन आला. आवाज आनंदानं फुटत होता. "उर्वशी, आपल्याकडे चर्चासत्र आहे. मी तुझ्या कथेवर निबंध वाचणार आहे. आदिबंधाच्या दृष्टीनं वाचताना माझ्या अंगावर काटा आला बघ. आणि आईंना घेऊन ये. त्यांचा सत्कार करू. शाल-श्रीफळ देऊ."

उर्वशी क्षणभर घुटमळली. पण आईला आयुष्यात कुणी खुर्ची दिलेली तिनं पाहिली नव्हती. जिथे गेली तिथे दाराशी, भिंतीशी, उकिडवी. तिला पहिल्या रांगेत बसलेली पाहण्याचा मोह उर्वशीला आवरला नाही. ती "हो" म्हणाली.

लालीबाई जीप बदलत, एसटी बदलत आदल्या दिवशीच आली. उर्वशीच्याच शाळेत शिकवणारी शबाना तिच्यासोबत खोली करून राहायची. तिनं लालीबाईला आपलं नवं निळं पातळ नेसवलं, केसांना तेल लावून दिलं. "मावशी, तुम्ही तर एकदम अध्यक्षीणबाई दिसून राह्यल्या," शबाना म्हणाली. लालीबाई आरशात बघून लाजली.

सभागृह भरलं होतं. लालीबाईला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, एका बाजूला उर्वशी, दुसऱ्या बाजूला शबाना. तिनं चपला काढून खुर्चीखाली ठेवल्या आणि पाय जमिनीला नीट टेकतात का ते पाहिलं. मुनेश्वर सर उठले. त्या दिवशी ते खरंच सुंदर बोलले, हे उर्वशी आजही नाकारत नाही.

"मित्रहो," ते म्हणाले, "या कथेत बाप नाही, असं वरवर वाचणाऱ्याला वाटेल. पण बाप आहे. तो वृक्ष आहे. माणूस झाडातून जन्मला असं सांगणाऱ्या कथा जगाच्या पाठीवर किती म्हणून आहेत! लेखिकेनं त्या वाचलेल्या नाहीत. तिच्या आजीनं वाचलेल्या नाहीत. मग हा वृक्षपिता आला कुठून? तो आपल्या सगळ्यांच्या सामूहिक अबोध मनातून आला. आणि ओंडक्यावरची ती खूण पाहा. ती दैवी खूण आहे. दिव्य बालकाच्या अंगावर अशी खूण असतेच. म्हणून तर ती मुलगी आपलं कपाळ चाचपते."

ही तीच निशाणी होती, जिथे वाचणाऱ्याला सगळं समजेल असं उर्वशीला वाटलं होतं. सरांनी तिथपर्यंत येऊन भलतीकडेच वळण घेतलं होतं. तिनं आईकडे पाहिलं. लालीबाई छतावरचा मोठा पंखा बघत होती. ही पुस्तकी भाषा तिच्या कानांवरून जात होती. उर्वशीला हायसं वाटलं.

सरांचा आवाज चढला. "आणि ही आई! मित्रहो, ही कुणी एक बाई नाही. ही भूमी आहे, पुरुषाच्या स्पर्शाशिवाय फळणारी. ही महामाता आहे. साऱ्या जगाच्या श्रद्धेनं जिच्यापुढे गुडघे टेकले, ती ही कुमारी माता! आणि आपलं भाग्य असं, की ती कुमारी माता आज इथे, आपल्यात, पहिल्या रांगेत बसली आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माना उंच करून लोक बघू लागले.

त्या तासाभराच्या भाषणातले दोनच शब्द लालीबाईला ओळखीचे होते. ते पोडावर जीपमधून आले होते. सर्वेवाले, संस्थावाले, पेपरवाले, कॅमेरेवाले, जो येई तो चावडीपुढे सगळ्या बाया जमवायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "यात कुमारी माता कोण कोण? उभ्या राहा." मग लाली उभी राहायची. तिच्यासोबत आणखी दोघी-तिघी. बाकी पोड खाली बसून बघायचा. पुढे कुणाला शिलाई मशीन मिळालं, कुणाला नुसतंच आश्वासन, पण नाव तेच चिकटलं. पोडावरच्या कुणी तिला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. ती हाक कायम बाहेरच्यांचीच.

लालीबाई उभी राहिली.

तिनं पदर पुढे ओढला, नजर खाली घातली, दोन्ही हात पोटाशी धरले आणि उभी राहिली. लोकांना वाटलं, माउली अभिवादन स्वीकारते आहे. टाळ्या आणखी वाढल्या. मागच्या रांगांतले काही जण उठून उभे राहिले. कुणीतरी फोटो काढला.

"माय, बस," उर्वशी तिचा हात ओढत कुजबुजली. "बस ना, माय."

लालीबाई बसली नाही. टाळ्या थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. मग खुर्चीखालून चपला काढल्या, पायात न घालता हातात घेतल्या आणि बाजूच्या दारानं बाहेर गेली. शबाना तिच्या मागे धावली.

उर्वशीनं आईच्या मागे जायला हवं होतं. ती मंचाकडे गेली. सरांनी हसून माईक पुढे केला. त्यांना वाटलं, लेखिकेला मनोगत मांडायचं आहे.

"सर, ते झाड नव्हतं," ती म्हणाली. "तो माणूस होता. ठेकेदाराचा माणूस. ती निशाणी दैवी नाही, सर. लाकूड कोणाचं झालं ते सांगायले हातोड्यानं ठोकत. त्या माणसाले नाव होतं. त्याचं नाव..."

ती थांबली. नाव तिला ठाऊक नव्हतं. सभागृह वाट पाहत होतं.

मुनेश्वर सर जवळ आले. त्यांनी मायेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकमधूनच म्हणाले, "उर्वशी, लेखकानं आपल्याच कथेला एवढं लहान करू नये, बाळ. कथा तुझ्यापेक्षा मोठी झाली आहे."

यावरही टाळ्या पडल्या.

कॅन्टीनच्या मागे कडुलिंबाखाली लालीबाई जमिनीवर बसली होती. शबाना पाण्याचा ग्लास धरून उभी होती. तिनं उर्वशीला पाहिलं आणि काही न बोलता ग्लास तिच्या हाती देऊन बाजूला झाली.

"त्यायले कसं कळलं?" लालीबाईनं विचारलं.

"त्यायले नाई कळलं, माय. ते वेगळंच बोलून राह्यले होते. ते देवीबद्दल..."

"मले ऐकू येते. तो बोलला ते मी ऐकलं. त्याले कोनं सांगतलं?"

उर्वशीनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"गोष्टीत हाये का ते?"

"हाये."

"तू तं म्हनली होती, रानाची गोष्ट हाये."

"रानाचीच हाये, माय. पन त्यात..."

"हातोडा हाये?"

"हाये."

लालीबाईनं बराच वेळ मातीत बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी तुले एकलीले सांगतलं होतं." ती रागावलीही नाही, रडलीही नाही. ती रडली असती तर उर्वशीनं पाय तरी धरले असते.

सत्काराची शाल आणि नारळ शिपायानं प्लॅस्टिकच्या पिशवीत आणून दिले. लालीबाईनं पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं खोलीवर जाऊन शबानाचं निळं पातळ सोडलं, आपलं लुगडं नेसलं, पातळाची नीट घडी घालून शबानाच्या हातात दिली. स्टँडवर पांढरकवड्याची गाडी लागली होती. उर्वशी मागोमाग चढू लागली तर लालीबाईनं दारातच हात आडवा धरला.

"तू राहा. तुही शाळा हाये."

"रजा टाकते."

"नको," लालीबाई म्हणाली आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसली.

चार-सहा दिवसांनी उर्वशी सरांकडे गेली. ते स्टाफरूममध्ये एकटेच होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. चेहरा ओढलेला होता. आईंना वाईट वाटलं हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना खरंच दुःख झालं होतं.

"सर, तुम्हाले माहीत नव्हतं?" उर्वशीनं विचारलं. "याच जिल्ह्यातले हाये तुम्ही. कुमारी माता म्हटल्यावर झरीकडे काय समजतात, तुम्हाले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणूनच मला तो शब्द उचलून वर ठेवायचा होता. लोक ज्याला कलंक म्हणतात, त्याच्यापुढे जग गुडघे टेकतं, हे दाखवायचं होतं."

"माह्या मायले वर नोहतं जायचं, सर. तिले खुर्चीवर बसायचं होतं फक्त."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुला एक सांगू? माझ्या बापाला गावच्या विहिरीवर चढता येत नव्हतं. कुणीतरी वरून ओतेल तेव्हा पाणी. मी शिकलो, प्राध्यापक झालो, तरी वर्गात पाय ठेवला की लोक आधी आडनाव बघायचे. मग हे आदिबंधाचं पुस्तक हाती आलं. तळाशी सगळ्यांचं मन एकच, असं म्हणणारं. तिथे जात नाही, आडनाव नाही. मी त्याला घट्ट धरलं. ते सोडलं तर माझ्याकडे काय राहतं?"

उर्वशीला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून रागही. "तळाशी असंल एकच, सर. पन तो मानूस तळाशी नोहता राहत. खोपट्यात राहत होता. तुम्ही त्याले झाड केलं, तो सुटला. आता त्याले कोनी शोधनार पन नाई."

"तू तरी कुठे शोधलंस?" सर म्हणाले. आवाजात डंख नव्हता, साधा प्रश्न होता. "तूही त्याला हातोड्याचा आवाजच केलंस ना? झाड तर तुझ्याच कथेत आहे."

चहा आला. दोघांनीही तो घेतला नाही. उठताना उर्वशी एवढंच म्हणाली, "निबंध छापू नका, सर. छापलाच तर तो शब्द काढा."

"काढतो," सर म्हणाले.

आणि त्यांनी शब्द पाळला. चर्चासत्राचं पुस्तक निघालं त्यात 'कुमारी माता' कुठेही नव्हतं. त्या जागी 'अपितृक जन्माची अधिष्ठात्री' असं होतं. निबंधाच्या शेवटी एक परिच्छेद नवा होता. निबंधवाचनाच्या वेळी खुद्द लेखिकेनं या अर्थाला तीव्र प्रतिकार केला, असं त्यात लिहिलं होतं. आदिबंध जितका खोल, तितका जागृत मनाचा प्रतिकार प्रखर, तेव्हा तो प्रतिकार हाच या वाचनाचा सर्वांत बोलका पुरावा होय. लेखिकेचे सौजन्यपूर्वक आभारही मानले होते.

शबानानं तो परिच्छेद दोनदा वाचला. "म्हणजे तू हो म्हटलं तरी ते खरे, आणि नाही म्हटलं तर जास्तच खरे?" ती म्हणाली. "या माणसासमोर रडलीस ना, तर त्याच्यावरही निबंध लिहितील."

उर्वशी हसली नाही. सरांचं वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. झाड तर तुझ्याच कथेत आहे. लिहायला बसली की ते वाक्य समोर येई आणि पेन खाली ठेवावं लागे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पोडावर गेली. लालीबाईनं तिला आल्या आल्या गूळपाणी दिलं, जेवायला बसताना पाहुण्यांसाठी ठेवलेली चटई अंथरली. शाळा कशी चालली ते विचारलं. कुठे काही कमी केलं नाही. पण आधी लेक आली की लालीबाईच्या तोंडाला खळ नसायचा. कोणाची गाय व्याली, कोण कोणाशी भांडलं, रानात कुठे अस्वल दिसलं, सगळं एका दमात. आता विचारलं तेवढंच उत्तर येई.

सकाळी आवारात बाया मोहफुलं निवडायला बसल्या होत्या. लालीबाई मधोमध बसून काहीतरी सांगत होती आणि म्हातारी मोतीबाई हसून हसून डोळे पुसत होती. उर्वशी घरातून बाहेर आली, त्यांच्यात जाऊन बसली, मूठभर फुलं पुढे ओढली. बोलणं थांबलं. कुणीतरी उन्हाचा विषय काढला.

"कायची गोष्ट चालली होती, माय?" उर्वशीनं विचारलं. "मले पन सांग ना."

लालीबाईनं हातातल्या फुलातला काडीकचरा काढला, फुंकर मारली.

"कायले?" ती म्हणाली. "लिवाले?"

कुणीच हसलं नाही. मोतीबाईनं आपली टोपली उगाच इकडची तिकडे केली. उर्वशी काही वेळ तिथे फुलं निवडत बसली. मग हात झटकून उठली आणि घरात गेली, म्हणजे बाहेर त्यांचं बोलणं पुन्हा सुरू व्हावं.